विहिरीच्या पाण्यांतील नत्राचा हिशेब

यावल तालुक्यांतील कोणाहि बागाइतदाराच्या मळ्यांत गेलें असतां पाहुण्यास प्रथम विहिरीचें पाणी देण्यांत येतें, आणि तांब्या तोंडास लागण्यापूर्वींच यजमान म्हणतो कीं, आमच्या मळ्याचें पाणी मोठें गोड आहे. हा अभिमान वावगा नाहीं. सातपुड्याचा पायथा आणि तापीचा गाळ यांच्यामध्यें वसलेल्या या पट्ट्यास जें वैभव आलें तें पाण्यानेंच आणलें, आणि त्याच पाण्यावर पोसलेल्या जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु गोडी, थंडपणा आणि निर्मळता या तीन गुणांवरून पाणी पिण्यास योग्य ठरविणें आतां धोक्याचें झालें आहे. ज्या पदार्थाविषयीं आम्ही आज लिहिणार आहों, त्यास रंग नाहीं, वास नाहीं आणि चवहि नाहीं.

आमच्या घरचाच अनुभव प्रथम सांगतों. मुलगी बाळंतपणास माहेरीं आली होती. अंगावरचें दूध पुरेना, म्हणून डब्यांतील भुकटी पाण्यांत कालवून बाळास पाजण्याचा क्रम सुरू झाला. पाणी अर्थातच मळ्याच्या विहिरीचें. तें चांगलें खळखळून उकळीत असूं, फडक्यानें गाळून घेत असूं, आणि आपण सर्व कांहीं शास्त्राप्रमाणें करीत आहों अशा समजुतींत होतों. एके दिवशीं गांवच्या आशाताई घरीं आल्या आणि त्यांनीं एवढेंच विचारलें, "आबा, या विहिरीचं पाणी कधी तपासून आणलं आहे का?" आम्हीं महसूल खात्यांत सारा जन्म कारकुनींत घालविला, शेंकडों विहिरींच्या नोंदी या हातानें लिहिल्या, परंतु आपल्या विहिरीचें पाणी तपासावें असें कधीं मनांत आलें नव्हतें. नमुना पाठविला, तेव्हां त्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षां बरेंच अधिक निघालें. ईश्वरकृपेनें बाळास अपाय झाला नव्हता, व त्या दिवसापासून पाणीहि बदललें. मात्र उकळण्याचा अर्थ कळल्यावर आमची झोंप उडाली. उकळल्यानें जंतु मरतात, नायट्रेट जात नाहीं; उलट वाफ निघून जाते तसतसें उरलेल्या पाण्यांत तें अधिक दाट होत जातें. तुरटी फिरविल्यानें किंवा ब्लीचिंग पावडर टाकल्यानेंहि तें हटत नाहीं.

हा प्रश्न एका घरचा नाहीं. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट असावें, त्याहून अधिक असूं नये, अशी मर्यादा आपल्या देशाच्या मानकांत घातलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाप्रमाणें देशांत तपासलेल्या नमुन्यांपैकीं सुमारें पांचांत एक नमुना या मर्यादेबाहेर गेला. अशी तक्रार असलेले जिल्हे २०१७ सालीं ३५९ होते, ते २०२३ सालीं ४४० झाले. आणि ज्या १५ जिल्ह्यांचा विशेष उल्लेख त्या अहवालांत झाला, त्यांपैकीं ७ आपल्या महाराष्ट्राचे आहेत. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड आणि यवतमाळ यांच्या जोडीस जळगांवचें नांव त्यांत आहे.

नायट्रेट आणि नायट्राइट

नायट्रेट हा कांहीं परका पदार्थ नव्हे. जुन्या गांवठाणाची पांढरी माती गाड्या भरभरून शेतांत टाकण्याचा प्रघात आपल्या वाडवडिलांचा होता. त्या मातीच्या गुणांत नायट्रेटाचा मोठा वांटा असे. दारूकामांतील सोरा हेंहि एक नायट्रेटच. शेतांत युरिया टाका, शेणखत टाका कीं पेंड टाका; जमिनींतील जंतु त्यांतील नत्राचें अखेरीस नायट्रेट करतात आणि बहुतेक पिकें आपलें नत्र मुख्यतः त्याच रूपानें उचलतात. म्हणजे नायट्रेट हें पिकाचें अन्न आहे, आणि त्याच्याशीं आमचें वैर नाहीं.

नत्राच्या एका अणूस प्राणवायूचे तीन अणु जडले म्हणजे नायट्रेट होतें. त्यांतील एक गळून दोन राहिले म्हणजे नायट्राइट होतें. फरक एका अणूचा, परंतु स्वभाव अगदीं निराळा. नायट्रेट पोटांत गेलें तर त्याचा बराच भाग लघवीवाटें निघून जातो. मात्र सुमारें चौथा हिस्सा रक्तांतून पुन्हा लाळेंत उतरतो, आणि जिभेवर वस्ती करणारे जंतु त्यांपैकीं सुमारें पांचव्या हिश्शाचें नायट्राइट करतात. सारांश, शंभर भाग नायट्रेट प्यालें असतां सुमारें पांच भाग नायट्राइट होऊन आपण लाळेबरोबर गिळतों. म्हणून नायट्राइट कोठें बाहेरून आणावें लागत नाहीं. त्याचा कारखाना आपल्या तोंडांतच आहे, आणि त्यास लागणारा माल विहीर पुरविते.

गुरें आणि तान्हीं मुलें

या नायट्राइटाचा पहिला उपद्रव शेतकऱ्यानें गोठ्यांत पाहिलेला असतो. पाऊस ताणला असतां भरपूर नत्र दिलेल्या ज्वारी-मक्याच्या वैरणींत नायट्रेट सांचून राहतें. अशी वैरण पोटभर खाल्ल्यावर जनावराच्या पोटांतील जंतु त्याचें नायट्राइट करतात. तें रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घालवितें. जनावर धापा टाकतें, झोकांड्या देतें, आणि त्याचें रक्त काढून पाहिलें तर तें कॉफीसारखें तपकिरी दिसतें. कोवळ्या ज्वारीनें जें विष चढतें तें निराळें. त्यांत रक्त उलट लालभडक दिसतें. दोहोंचे उपाय भिन्न असल्यामुळें हा फरक जनावरांच्या डॉक्टरास अवश्य सांगावा.

हेंच तान्ह्या मुलाच्या बाबतींत घडतें. सहा महिन्यांच्या आंतील बाळाचें रक्त या विषास लवकर बळी पडतें. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत शेतवाडीवरील कांहीं तान्हीं मुलें निळीं पडत असत. त्यांच्या दुधांत मिसळलेलें विहिरीचें पाणी व त्यांतील नायट्रेट हें त्याचें कारण आहे, असें डॉक्टर कॉमली यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. ओंठ आणि नखें निळसर दिसूं लागणें हें याचें लक्षण होय. असें दिसतांच वेळ न दवडतां बाळास दवाखान्यांत न्यावें. आईच्या दुधांत नायट्रेट फारसें उतरत नाहीं, म्हणून अंगावरचें दूध हाच तान्ह्याचा खरा बचाव आहे. ४५ किंवा ५० मिलिग्रॅमची मर्यादा मूळ घातली गेली ती या निळेपणाच्या भयानें. कर्करोगाचा विचार तींत नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

कर्करोगाशीं संबंध

आतां ज्या शब्दानें घरोघर काळजी पसरते त्याकडे वळतों. जठरांतील आंबट रसांत नायट्राइटाची गांठ अन्नांतील 'अमीन' नांवाच्या द्रव्यांशीं पडली म्हणजे 'नायट्रोसअमीन' जातीचे पदार्थ बनतात. त्यांपैकीं एका पदार्थानें उंदरांच्या यकृतांत कर्करोग होतो, असें इंग्लंडांतील मगी आणि बार्न्स या दोघां संशोधकांनीं १९५६ सालीं दाखविलें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं नॉर्वे देशांत मासळीच्या पेंडीवर पोसलेलीं जनावरें यकृताच्या रोगानें मेलीं. मासळी टिकावी म्हणून तिला नायट्राइट लावलें होतें, आणि त्यापासून तोच पदार्थ पेंडींत तयार झाला होता.

माणसाविषयींचा निवाडा अधिक सावधपणें केलेला आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञमंडळानें २००६ सालीं पुरावा तपासला व आपलें मत २०१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. पोटांत गेलेलें नायट्रेट किंवा नायट्राइट, शरीरांत असे नायट्रोस पदार्थ बनण्याची परिस्थिति असतां, माणसास 'बहुधा' कर्करोगकारक आहे, असें तें मत आहे. यांतील 'बहुधा' हा शब्द गाळूं नये, व 'परिस्थिति असतां' हे शब्दहि गाळूं नयेत. पुढें डेन्मार्कमध्यें सुमारें २७ लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा व त्यांच्या आजारांचा मेळ घालण्यांत आला. त्याचा निष्कर्ष २०१८ सालीं बाहेर आला. दर लिटरमागें सुमारें चार मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेलें पाणी वर्षानुवर्षें पिणारांत मोठ्या आंतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचें प्रमाण कांहींसें, म्हणजे शेंकडा १५ च्या आसपास, अधिक आढळलें. चार मिलिग्रॅम हा आंकडा आपल्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी आहे. अशा पाहणीनें संबंध दिसतो, कारण पूर्णपणें सिद्ध होत नाहीं. तरी शहाण्यानें खबरदारी घेण्यास एवढें पुरेसें आहे.

येथें दोन गोष्टींचा खुलासा केला पाहिजे. पहिली भाजीपाल्याची. पालक, मेथी, मुळा, बीट यांतहि नायट्रेट पुष्कळ असतें. मग भाजी सोडावी काय? मुळींच नाहीं. भाजींत नायट्रेटाबरोबर क जीवनसत्त्व व इतर रक्षक द्रव्यें असतात आणि तीं पोटांत नायट्रोस पदार्थ होऊं देत नाहींत. पाण्यांत असा रक्षक कोणी नाहीं. जेवणांत लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असावा ही जुनी रीत या दृष्टीनेंहि हितकर आहे. याउलट पाश्चात्य पद्धतीचें डबाबंद व खारविलेलें मांस टिकण्यासाठीं त्यांत नायट्राइट मुद्दाम घालतात. अशा मांसाची गणना २०१५ सालीं निश्चित कर्करोगकारक पदार्थांत झाली, आणि तें हल्लीं आपल्या शहरांतल्या दुकानांतहि मिळतें.

दुसरी गोष्ट तंबाखूची. तंबाखूचीं पानें सुकवितांना व सांठवितांना त्यांत नायट्राइट तयार होतें, तें तंबाखूंतील द्रव्यांशीं मिळून नायट्रोसअमीन बनतें, आणि हें विष माणसास कर्करोग करतें याविषयीं शास्त्रज्ञांत आतां शंका उरलेली नाहीं. आमच्या राज्यांत गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. पण चुना लावून मळलेली चिमूट मळ्यांमळ्यांतून अजून फिरते. विहिरीच्या पाण्याची धास्ती घेणारानें प्रथम आपल्या खिशांतील डबी बाहेर टाकावी. पाण्याचा धोका 'बहुधा' आहे. डबीचा धोका ठरलेला आहे.

पाणी कसें बिघडतें

मातीचे कण अमोनियास धरून ठेवतात, परंतु नायट्रेटास धरीत नाहींत. पिकानें उचललें तेवढें सार्थकीं लागतें. उरलें तें पाण्याबरोबर खालीं उतरतें. युरिया टाकून लगेच दांड भरून पाणी सोडलें, किंवा खत टाकल्यावर मोठा पाऊस कोसळला, म्हणजे मुळांच्या कक्षेबाहेर नायट्रेट वाहून जातें. सातपुड्याच्या पायथ्याशीं दगडगोट्यांची भरड जमीन आहे. तेथें पाणी झपाट्यानें मुरतें, म्हणून ती विहिरींस वरदान वाटते. पण जी वाट पाण्याची तीच नायट्रेटाची. तापीकांठच्या खोल गाळांत तें सावकाश उतरतें. त्यामुळें आजच्या पाण्यांत आलेलें नायट्रेट कांहीं वर्षांपूर्वीं टाकलेल्या खताचें असूं शकतें, आणि आज केलेल्या सुधारणेचें फळहि तसेंच उशीरा दिसेल.

दोष सर्वस्वीं युरियाचा नाहीं. विहिरीच्या कांठावर उकिरडा, गोठ्याचें मुत्र मुरण्याची जागा, शौचालयाचा शोषखड्डा ही तिन्ही नायट्रेटाचीं उगमस्थानें आहेत. शेणखताचें नत्रहि अखेर नायट्रेटच होतें. म्हणून 'आम्ही रासायनिक खत वापरीतच नाहीं' असें म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. बोअर खोल आहे म्हणून पाणी शुद्धच असेल, हाहि भ्रम आहे. नळीच्या बाजूनें वरचें पाणी आंत झिरपत असेल, तर खोलीचा कांहीं उपयोग होत नाहीं.

दोन गोण्यांचा हिशेब

आतां आमच्या सवयीप्रमाणें आंकड्यांकडे येतों. केळीच्या दर झाडास २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश ही कृषि विद्यापीठाची शिफारस आहे. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें. म्हणजे सारें नत्र युरियांतूनच द्यावयाचें झालें तर दर झाडास सुमारें ४३५ ग्रॅम युरिया पडतो. दीड मीटरच्या अंतरानें एकरीं सुमारें १८०० झाडें बसतात. तेव्हां एकरीं पावणेआठ क्विंटलच्या वर, म्हणजे ४५ किलोच्या सतरा गोण्यांहून अधिक युरिया झाला. ही पूर्ण शिफारस आहे. मिश्रखतांतून व शेणखतांतून नत्र दिलें असेल, तर युरिया तितका कमी केला पाहिजे. पण पुष्कळ ठिकाणीं मिश्रखताचें नत्र धरलें जात नाहीं, शेणखताचें धरलें जात नाहीं, आणि शेजाऱ्यानें एक गोणी अधिक टाकली म्हणून आपणहि टाकतों. टाकलेल्या नत्राचा निम्म्याहून अधिक भाग पिकाच्या हातीं लागत नाहीं, हें सर्वत्र अनुभवास आलेलें आहे. अति तेथें माती म्हणतात. येथें अति तेथें पाणीहि गेलें.

या खातेवहींत आणखी एक रक्कम जमेस धरावयाची राहिली आहे. विहिरीच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्यांत शुद्ध नत्र सुमारें १० मिलिग्रॅम असतें. एका एकरावर वर्षभरांत सारें मिळून एक मीटर उंचीचें पाणी दिलें, तर तें सुमारें ४० लाख लिटर भरतें. त्यांतून सुमारें ४० किलो नत्र, म्हणजे जवळजवळ दोन गोण्या युरिया, मोटारीनें उपसून आपण फुकट देतच असतों! नायट्रेट याच्या दुप्पट असेल तर गोण्या चार झाल्या. एकदां विकत घेऊन जमिनींत घालविलेलें नत्र विहीर परत देत असतां आपण तें जमेस न धरतां पुन्हा विकत आणतों, आणि पुन्हा खालीं घालवितों. ज्या विहिरीचें पाणी पिण्यास वाईट, तेंच केळीस खत आहे. तें पिकास द्यावें, आणि पाणी जितकें नत्र देतें तितका युरिया कमी करावा. खिशाचा खर्चहि वांचेल व विहीरहि हळूहळू निवळेल.

याशिवाय माती तपासून खत द्यावें. नत्र एकदम न देतां थोडथोडें विभागून द्यावें. ठिबक असेल तर दर आठवड्यास ठिबकांतूनच द्यावें. मोठ्या पावसाच्या तोंडावर युरिया टाकूं नये. देशांत तयार होणारा सर्व युरिया २०१५ सालापासून निंबोळीच्या तेलाचें लेपन करूनच विकला जावा असा नियम आहे. त्या लेपानें नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. पण लेप आहे म्हणून मात्रा वाढविली तर तो फायदा फुकट जातो. केळीचा खोडवा निघाल्यावर जमीन मोकळी न ठेवतां एखादें खोल मुळांचें पीक घ्यावें. तें उरलेलें नत्र वर ओढून घेतें.

पाण्याची परीक्षा

पाणी वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, तपासून घ्यावें. मोटार कांहीं मिनिटें चालवून, त्याच पाण्यानें बाटली तीनदां विसळून नमुना भरावा. बाटलीवर गट नंबर, विहिरीची खोली व तारीख लिहावी, आणि ती उन्हांत न ठेवतां शक्य तों त्याच दिवशीं पोंचती करावी. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांच्या ठिकाणीं आहेत. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनखालीं गांवच्या पांच स्त्रियांस पाणी तपासण्याचें शिक्षण देण्याची योजना आहे. ग्रामपंचायतींत चौकशी केली असतां तपासणीची पेटीहि पाहावयास मिळेल. नायट्रेट अधिक निघालें तर तान्ह्या बाळास व गरोदर स्त्रीस तें पाणी त्याच दिवसापासून बंद करावें, आणि ज्या विहिरीचें पाणी परीक्षेंत उतरलें तिचें पाणी आणावें. आर. ओ. यंत्रानें नायट्रेट निघतें, साध्या गाळणीनें निघत नाहीं. मात्र त्या यंत्रांतून टाकून दिलेलें पाणी अधिक दाट असतें. तें विहिरीकडे न सोडतां केळीकडे सोडावें.

सात-बाराच्या उताऱ्यावर पिकाची नोंद असते, क्षेत्राची असते, आणि पाणी विहिरीचें कीं कालव्याचें हेंहि लिहिलेलें असतें. तें पाणी कसें आहे, यास मात्र रकाना नाहीं. तो रकाना प्रत्येक बागाइतदारानें आपल्या वहींत स्वतः आंखून घ्यावा, व खताच्या हिशेबाशेजारीं दर सहा महिन्यांचा आंकडा त्यांत मांडावा. आमच्या वहींत पहिला आंकडा पडला आहे, तो आम्हांस लाजविणारा आहे, आणि या हंगामांत आम्हीं एकरीं दोन गोण्या कमी आणल्या आहेत. ज्या सभासदांच्या घरीं तान्हें मूल आहे त्यांनीं पुढील अंकाची वाट न पाहतां याच आठवड्यांत बाटली भरावी, आणि परीक्षेचा आंकडा विहिरीच्या खोलीसह मासिकाकडे कळवावा. गांवोगांवचे आंकडे एकत्र झाले म्हणजे कोणत्या शिवारांत पाणी सुधारतें आहे आणि कोठें बिघडतें आहे, हें आपल्याच सभासदांच्या हातच्या लेखी पुराव्यानें ठरवितां येईल.